गादी उचलली त्या आठवड्यात

चादर झटकल्याचा आवाज अजूनही कधीकधी पहाटे अर्धवट झोपेत मला ऐकू येतो. एखाद्या मोठ्या पक्ष्याने एकदाच पंख उघडून मिटावेत, तसा. परभणीच्या कापडबाजारात आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागेच घर. मधे एकच दार. त्या दाराच्या अलीकडे चुलीचा धूर, भाजलेल्या धन्याचा वास आणि आईच्या बांगड्या. पलीकडे नव्या कापडाच्या खळीचा कोरा, किंचित आंबूस वास आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली गादी. तिच्यावर रोज सकाळी धुतलेली पांढरी चादर पडत असे. दोन टोकं अण्णांच्या हातात, दोन माझ्या. ती वर उडायची, क्षणभर छताखाली तरंगायची, आणि तेवढ्यापुरतं दुकान, रस्ता, समोरची पानपट्टी, सगळंच नाहीसं व्हायचं. मग ती सावकाश खाली उतरायची आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, तळहाताने तिच्या सुरकुत्या सारायचे; तापलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवावा तितक्या हळू.

अण्णांची शाळा निजामाच्या अमदानीत उर्दूत झाली होती. त्या शाळेतलं गणित ते विसरले होते, भाषाही बरीचशी विसरले होते, पण समोरच्या माणसाला ‘या’ कसं म्हणावं हे विसरले नव्हते. गिऱ्हाइकाने आधी बसावं, मग पाणी प्यावं, मग वाटेल ते बोलावं, आणि कापडाचा विषय आपण होऊन काढू नये, अशी त्यांची रीत होती. पोखर्णीचा, बोरीचा, पालमचा माणूस उन्हातून एसटीने धुळीने माखून यायचा, पायरीवर चपला काढायचा, गादीवर लोडाला टेकायचा आणि तांब्याभर पाणी पिऊन डोळे मिटायचा. अण्णा तोवर काहीच बोलत नसत. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न असायचा तो म्हशीचा, नाहीतर बाळंतपणाला आलेल्या लेकीचा. “काय झालं मंग? नात का नातू?” असं विचारताना त्यांचा चेहरा इतका खराखुरा उत्सुक असायचा की आपण इथे कशासाठी आलो होतो हे गिऱ्हाईकच विसरून जायचं. मग चहा यायचा. मग केव्हातरी, बोलण्याच्या ओघात, अण्णांचा हात मागच्या फळीकडे जायचा आणि एखादी साडी गादीवरून सरसरत त्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत पोहोचायची.

त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. पुढच्या शटरच्या वर कौलातली एक काच होती, तिच्यातून ऊन येऊन गादीवर पडायचं. तिथे लाल साडी उघडली की बसलेल्यांचे चेहरे लाल व्हायचे, हिरवी उघडली की हिरवट. बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. एकावर एक साड्यांच्या घड्या मोडत जायच्या, गादीवर रंगांचे ढीग साचायचे, पंखा फिरायचा, आणि बाहेरच्या टांग्याच्या घुंगरांचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायचा. वीस साड्या उघडून एकही न घेता कुणी उठलं तरी अण्णा म्हणायचे, “बरं झालं, साड्यांना जरा हवा लागली.” आणि खरोखरच त्यांना वाईट वाटलेलं नसायचं.

लग्नाच्या दिवसांत बस्ते यायचे. लग्नाचं सगळं कापड, म्हणजे नवरीचा शालू, विहिणींची लुगडी, मानपानाच्या साड्या, मामाचं धोतर, टॉवेल-टोप्या, अगदी वाजंत्र्याच्या उपरण्यापर्यंत, एकाच दुकानातून एकाच बैठकीत घ्यायचं, याला बस्ता बांधणं म्हणतात. दोन्हीकडची माणसं एकत्र यायची, सकाळी बसायची ती दिवे लागेपर्यंत. रुसवेफुगवे त्याच गादीवर व्हायचे आणि तिथेच मिटायचे. बस्त्याच्या माणसांना दुकानदाराने जेवू घालायचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. इतर दुकानदार खानावळीत पाठवत, आमच्याकडे मधलं दार उघडायचं आणि आई म्हणायची, “पानं मांडलीत.” येसराची आमटी, भात, शिरा, आणि चटणीवर करडईच्या तेलाची धार. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेली पूड. त्याची आमटी उकळायला लागली की वास दारातून दुकानात शिरायचा आणि घासाघीस करणाऱ्या विहीणबाईंचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. पोखर्णीचे बापूराव, अण्णांचे जुने गिऱ्हाईक, म्हणायचे, “अण्णा, तुमच्या कापडात दम न्हाई. वहिनींच्या आमटीसाठी समद्या बहीणभावांची लग्नं लावायलोत आमी.”

हे सगळं मी इतक्या मायेने लिहितो आहे आणि ते खोटं नाही. पण दुकानाच्या दारालगत, गादी जिथे संपायची त्याच्या पुढे, एक तरट अंथरलेलं असायचं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, आता बौद्ध झालेली माणसं आली की ती त्या तरटावर बसत. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. ती बसत, एवढंच. अण्णा उठून गादीच्या कडेपर्यंत जात, त्याच उत्सुक चेहऱ्याने त्यांच्याही लेकीबाळींची चौकशी करत, आणि साडी लांबून उलगडून दाखवत. त्यांनाही पाणी मिळे. ते द्यायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. ते ओंजळ पुढे करत आणि मी तांब्या उंच धरून धार सोडत असे. धार न तुटता किती उंचावरून सोडता येते याचा मला छंद लागला होता. पलीकडचा माणूस मान वर करून पीत असायचा आणि माझं लक्ष धारेवर असायचं. तरटावर वाऱ्याची झुळूक येते म्हणून ती माणसं तिथे बसतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो समज नेमका कधी गेला ते मला आठवत नाही. जायला हवा होता त्याच्या पुष्कळ नंतर गेला, एवढं नक्की.

कॉलेजात गेल्यावर उत्तम भेटला. पालमकडच्या एका खेड्यातला, वसतिगृहात राहणारा, माझ्याच बाकावर बसणारा मुलगा. विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा पेटून निवून पुन्हा पेटत होता. बाजार अधूनमधून बंद असायचा, आणि एकेका बंदच्या दिवशी रस्ते इतके शांत होत की चिमण्यांचे पाय कौलांवर वाजत. मी नामांतराच्या बाजूचा होतो. वर्गातल्या चर्चेत तसं दोनदा बोललोही होतो, हळू आवाजात, पण बोललो होतो. आणि त्याचं मला मनातून कौतुक होतं. उत्तमच्या खोलीवर मी त्याच्या डब्यातली भाकरी खात असे. तो मात्र दुकानाशी आला की पायरीखाली थांबायचा, तिथूनच मला हाक मारायचा आणि मग आम्ही चहाला जायचो. तो वर का येत नाही हे मी कधी विचारलं नाही. त्याला घाई असेल असं मी धरून चालत होतो. आज मागे वळून पाहताना वाटतं, मी माझ्या तारुण्यात पुष्कळ गोष्टी अशाच धरून चाललो.

शिक्षण संपल्यावर उत्तम एका खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला. पहिल्या वर्षीच त्याच्या धाकट्या बहिणीचं, रमाचं, लग्न ठरलं, आणि एका दुपारी तो पायरी चढून थेट वर आला. गादीवर बापूराव बशीत चहा ओतून पीत बसले होते. उत्तम उभाच राहिला.

“अण्णा, रमीचं लगीन जमलंय.”

“वा! लय चांगलं झालं. पोरगा कुठला?”

“सेलूकडचा हाय. एसटीत लागलाय. बस्ता तुमच्याकडंच बांधायचा म्हणायली माय.”

“मंग? दुसरीकडं गेला असता तर मी तुझ्याशी बोललो असतो का?”

उत्तम हसला. मग म्हणाला, “येक हाय पण. माय म्हणायली, बस्ता गादीवर बसून बांधायचा. आन् जेवाण. जसं समद्यांचं व्हतंय, तसं.”

पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. बापूरावांनी बशी खाली ठेवली. चहा अर्धा राहिला होता. त्यांनी टोपी उचलून डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, “येतो अण्णा. बस निगंल.” पालमची बस गेली होती, पोखर्णीची यायला अजून अवकाश होता, आम्हा उरलेल्या तिघांनाही ते ठाऊक होतं. अण्णा त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग उत्तमकडे वळून, नेहमीच्याच गोड आवाजात, ते म्हणाले, “या की रे बाबा. दुकान तुमचंच आहे. कवा येता?”

“पुढल्या शुक्रवारी.”

“या. अवश्य या.”

उत्तम माझ्याकडे बघून गेला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी तेव्हा आनंद समजलो. आता वाटतं, तो आमच्यावर ठेवलेला विश्वास होता आणि तो ठेवताना त्याला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चादर अंथरत असताना अण्णा मला म्हणाले, “तू ते औरंगाबादचं दुकान सांगत होतास. काउंटरचं. ते कसं असतं नेमकं?”

मी सहा महिने त्यांच्यामागे तेच तुणतुणं वाजवत होतो आणि त्यांनी कधी कान दिला नव्हता. तिथे मी एका मोठ्या दुकानात काचेची लांब कपाटं पाहिली होती. आत विकणारे, बाहेर घेणारे, कपड्यांना लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या, आणि सगळे कसे उभे, चटपटीत, शहरी. मला आमच्या लोडतक्क्यांची लाज वाटायला लागली होती. अण्णांनी विचारताच मी कागदावर चौकोन काढून दाखवले. इथे काच, इथे लाकूड, इथे गल्ला. अण्णा त्या चौकोनांकडे बराच वेळ बघत होते. “म्हणजे बसत कुणीच न्हाई?” त्यांनी विचारलं. “कुणीच नाही,” मी उत्साहाने म्हणालो. “सगळ्यांना सारखं.” ते दोन शब्द मी वापरले होते. मला ते आठवतात.

सुतार त्याच दुपारी आला. गादी गुंडाळून, चौघांनी उचलून माळ्यावर चढवली. खालची फरशी कित्येक वर्षांनी उघडी पडली. ती इतकी गार आणि फिकट होती की मला तिच्यावर पाय ठेवायला संकोच वाटला. तरटही गेलं. काउंटर आले, नळीचे दिवे आले, ‘उधार बंद’ अशी पाटी आली. बुधवारी अण्णांनी जेवताना आईला सांगितलं, “आता नवी पद्धत आहे. बस्त्याची जेवणं बंद.” आईने त्यांच्या ताटात भात वाढला. मी इतका खूश होतो की हे सगळं याच आठवड्यात का, हा प्रश्न माझ्या मनाच्या उंबऱ्यापर्यंत आला असेल तर मी त्याला तिथूनच परत पाठवलं असेल. एका कुटुंबाला गादीवर बसवावं लागू नये म्हणून अण्णांनी सगळ्या जिल्ह्यालाच गादीवरून उठवलं, हे वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

पुढची वर्षं मी त्या काउंटरच्या आत उभा राहून काढली, म्हणून सांगू शकतो. माणसाच्या आणि माणसाच्या मध्ये कमरेइतकं लाकूड आलं की बोलणं आखडतं. आधी मी लेकीसुनांची चौकशी करत असे, मग नुसतं ‘बोला’ म्हणू लागलो, मग ‘कितीपर्यंत दाखवू?’ आमच्याकडे कामाला आलेल्या पोरांना तर गावांची नावंही ठाऊक नव्हती. तीन साड्यांनंतर चौथी काढताना ती सुस्कारा सोडत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मीच रंगवून आणली. काउंटर लागले त्या पहिल्या दिवशी बापूराव आले, त्यांनी आत पाऊल टाकून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “अण्णा, दुकान हाय का दवाखाना? आसं खिडकीत हुबं करायलाव ते? नाडी दाखवू का जीभ?” सगळे हसले. बापूरावही हसले. पण त्यांना ते का झालं हे कळलं होतं, आणि पुढे त्यांच्या घरचे बस्ते दुसऱ्या गादीवर जाऊ लागले. ज्यांची मर्जी राखण्यासाठी हे केलं, तीच माणसं गेली. आज आमच्या पिढीची मंडळी कुठे जमली की मोठमोठ्या दुकानांबद्दल हळहळतात. टोपली घेऊन स्वतःच हिंडायचं, विचारायला जावं तर पोरगा मोबाइलमधून मान वर काढत नाही. गिऱ्हाइकाला देव मानायचे ते दिवस गेले, असं म्हणतात. मी मान हलवतो. ते दिवस होते, हे मी शपथेवर सांगेन. फक्त त्या देवळाच्या पायऱ्या कुणी चढायच्या आणि कुणी नाही, हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि मी तिथून उठून पाणी प्यायला जातो.

त्या शुक्रवारी, ठरल्याप्रमाणे, उत्तमकडची माणसं आली. उत्तमची आई कौसाबाई, रमा, दोन आत्या, नवरदेवाकडचे तिघे-चौघे आणि उत्तम. स्टँडवरच्या नळावर सगळ्यांनी पाय धुतलेले दिसत होते. घोट्यांपर्यंत ओलं आणि वर धूळ. कौसाबाई उंच, सडपातळ, कपाळावर गोंदलेल्या. त्यांनी पायरीवर चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या आणि वर आल्या. आणि थांबल्या. काउंटरशी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, सगळी चपला-बुटांसकट.

“चपला राहू द्या मावशी,” मी म्हणालो. “आता काढायची गरज नाही.”

“मंग बसायचं कुठं रं?”

“आता बसायचं नसतं. नवी पद्धत आहे.”

त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. नळीच्या दिव्यांकडे पाहिलं, काचेकडे, उभ्या असलेल्या माणसांकडे. “समदेच हुबे?”

“सगळेच.”

“समद्यांलाच हुबं केलंय म्हणा की,” त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांवर जे आलं त्याला हसू म्हणावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णा गल्ल्यापासून पुढे आले. “या, या. प्रवास बरा झाला ना? पाणी आण रे.” नवे स्टीलचे पेले आणले होते; मी ट्रेमधून पाणी दिलं आणि सगळ्यांनी पेल्याने प्यायलं. ते पहिल्यांदाच घडत होतं आणि त्याचा आनंद कुणालाच घेता येत नव्हता. उत्तमने पेला हातातच धरला होता.

“लय केलंत अण्णा आमच्यासाठी,” तो म्हणाला. “अख्खं दुकान हलवलंत. येवढी बडदास्त आजपस्तोर कुणाचीच ठिवली नसंल तुमी.”

“तसं न्हाई रे बाबा.” अण्णांनी उगाचच एक घडी सरळ केली. “जमाना बदलायलाय.”

“जमाना बदलायलाय म्हणूनच आलतो आमी.”

आत्यांपैकी एक म्हणाली, “चल गं कौसे.” पण कौसाबाई काउंटरपाशी आल्या. “शालू दाव,” त्या मला म्हणाल्या. मी दुकानातला सगळ्यात भारी शालू काढला, डाळिंबी रंगाचा. काचेवर उलगडला. पूर्वी साडी गादीवरून वाहत जायची. आता ती लाकडाच्या कडेला येऊन अडली आणि गोळा झाली. कौसाबाईंनी पदर चिमटीत धरला, अंगठ्याने जर चाचपली, पदर रमाच्या खांद्याजवळ नेऊन बघितला. नळीच्या उजेडात चेहऱ्यांवर कसलाच रंग पडत नव्हता. तरीही रमा एका क्षणापुरती नवरी झालेली मी पाहिली. तिने लगेच मान खाली घातली.

“ब्येस हाय,” कौसाबाई म्हणाल्या. “घाल घडी.”

“मावशी, याच्यापेक्षा—”

“न्हाई रं लेकरा. शालूत खोट न्हाई. पण लग्नाचं काम हुब्याहुब्या करत नसतेत.” मग अण्णांकडे वळून, अगदी शांतपणे, “येतो अण्णा. तुमी बोलीवलं, आमी आलो. शब्दाला दोगं बी जागलो.”

पायरीवर त्यांनी चपला घातल्या. उत्तम शेवटी उतरला. मी काउंटरच्या आत होतो. बाहेर यायला एक फळी वर उचलावी लागे. तेवढं करायला किती वेळ लागला असता?

दुकान रिकामं झालं आणि तेव्हाच, मधल्या दाराच्या फटीतून, येसराच्या आमटीचा वास आला. अण्णा जागीच थबकले. दार उघडलं आणि आई उंबऱ्यात उभी राहिली, पदर खोचलेला, कपाळावर घाम.

“पानं मांडलीत,” ती म्हणाली.

“तुला सांगितलं होतं ना मी?”

“आइकलं म्या. पण बस्त्याची माणसं सांगून येणार व्हती. सैपाक केलाय.”

“गेले ते.”

“बस्ता बांधून?”

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती आत गेली आणि थोड्या वेळाने पातेल्याला फडकं बांधून घेऊन आली. भाताचा डबा तिने काखेत धरला होता. “हे उचल,” ती मला म्हणाली. ती मागच्या बोळाने गेली नाही. दुकानातून, काउंटरची फळी वर करून, पुढच्या पायऱ्या उतरून बाजारात निघाली. माझ्या आठवणीत ती त्या पायऱ्या त्यापूर्वी कधी उतरली नव्हती. शेजारचे दुकानदार बघत होते. अण्णा फळीला हात लावून बाजूला उभे राहिले होते. अडवायला की वाट द्यायला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारचा रस्ता पांढराफटक होता. पातेलं हातांना पोळत होतं. आई पुढे, मी मागे, आणि आमच्या सावल्या पायांखाली मुरून गेलेल्या. ते चालणं मला स्वप्नासारखंच आठवतं. त्या रस्त्यावर तेव्हा माणसं असणारच, पण मला एकही आठवत नाही.

स्टँडच्या कडेला लिंबाखाली ती मंडळी बसली होती. जुनी चादर पसरून त्यांनी भाकरीचं गाठोडं सोडलं होतं. आई चादरीपाशी जाऊन थांबली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलेलं नसावं.

“कौसाबाई, जेवायचं राहिलं तुमचं,” ती म्हणाली.

उत्तमने तोंड फिरवलं. कौसाबाईंनी आईकडे पाहिलं. हातातली भाकरी त्यांनी फडक्यावर ठेवली.

“तुमी बसा आदी,” त्या म्हणाल्या.

आई चादरीच्या टोकाला, अर्धी जमिनीवर, टेकली.

“आवो कडंला कामून बसायलाव? मदी या.”

आत्या सरकल्या. आई उठली आणि त्यांच्या मधे जाऊन बसली. रमाने तिच्यापुढे भाकरीचा तुकडा आणि ठेचा ठेवला. आईने तो तुकडा मोडला आणि तोंडात घातला. ठेच्याने तिला ठसका लागला आणि कुणीतरी हसलं, मग तीही हसली. मी पातेलं घेऊन उभाच होतो.

“तू बी बस की लेकरा,” कौसाबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, “दुकानात जायचंय.”

मी असं का म्हणालो याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. उत्तमच्या ताटात मी जेवलो होतो, शेकडो वेळा. पण ती खोली होती; हा स्टँड होता, आणि समोरून आमच्या बाजाराची माणसं जात-येत होती. एवढंच कारण असेल. ते इतकं लहान आहे की त्याच्यापेक्षा मोठं कारण मी अजून शोधत असतो. उत्तम उठला, माझ्या हातातून पातेलं घेतलं आणि म्हणाला, “जा. गिऱ्हाईक खोळंबलं आसंल.” त्यानंतरही आम्ही भेटत राहिलो. तो वागायला नेहमीच सभ्य होता. माझ्या लग्नाला आला, मुलाच्या बारशाला आला. पण ‘चल, चहा घेऊ’ असं तो मला पुन्हा कधी म्हणाला नाही.

मी परतलो तेव्हा दुकानात कुणीही नव्हतं. सगळे दिवे लागलेले होते. डाळिंबी शालू काउंटरवर तसाच पडला होता आणि अण्णा त्याच्याकडे पाठ करून, रिकाम्या फरशीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुणाचं काय झालं, ते लोक काय म्हणाले, तुझी आई कुठे आहे, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मग ते म्हणाले,

“आमटी पुरली का रे सगळ्यांना?”

“पुरली,” मी म्हणालो. पातेल्याचं फडकं सोडायच्या आधीच मी स्टँडवरून निघालो होतो.